शोरूमच्या भिंतीवर तुमचा फोटो नाही

प्रिय बाबा,

काल मी शोरूमच्या मॅनेजरला नाही सांगून आलो. तुमचा फोटो देणार नाही, म्हणालो. तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. तुम्ही असता तर तुम्हीही बोलला नसता. तोंडावर तुम्हाला मी कधी उलट उत्तर दिलं नाही, ते आता कागदावर देतो आहे. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा.

आणि राग मला जास्त आला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

वर्धा रोडवर तुमच्या कंपनीचं नवं शोरूम झालं. तुमची कंपनी म्हणजे ती जर्मन कंपनी, जिची गाडी तुम्ही साहेबांकडे आयुष्यभर चालवली. तुम्ही जाऊन वर्षही झालं नाही, आणि तिनं आपल्या नागपुरात एवढी मोठी काच उभी केली की आतली गाडी पुलावरूनही दिसते. तुम्ही ते बघायला हवं होतं, असं पहिल्या दिवशी मला खरंच वाटलं.

मी अजून महाल भागात शकीलभाईंच्या रेडियमच्या दुकानातच आहे. नंबरप्लेटा करतो, गाड्यांवर लावायची अक्षरं कापतो. शोरूमच्या आतल्या भिंतीवर कंपनीचा इतिहास लावायचं काम त्यांना मिळालं आणि त्यांनी ते माझ्याकडे दिलं. "तू ही कर. तेरे हाथ से गलती नहीं होती," म्हणाले. मला किती बरं वाटलं असेल? बाबांची कंपनी, आणि तिचा इतिहास मी कापणार.

कारण तो इतिहास मला पाठ होता. इतर मुलांना झोपताना राजाराणीच्या गोष्टी मिळाल्या, मला कारखान्याच्या मिळाल्या. तिकडचा माणूस नट कसतानाही मोजून कसतो. तिकडे एका माणसाचं काम दुसरा तपासतो आणि दुसऱ्याचं तिसरा. माझी शाळा दहावीला सुटली तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. एवढंच म्हणालात, "शिकला नाही तर नाही. पण काम जर्मनवानी कर." मी अजून प्रत्येक ओळ तीनदा वाचल्याशिवाय कापायला घेत नाही. एवढा जर्मन तुम्ही मला करून ठेवलात.

पण त्या गाडीत मी एकदाही बसलो नाही. आठवतं तुम्हाला? साहेबांच्या बंगल्यावर मी डबा घेऊन आलो की तुम्ही मला गाडीचं दार ऐकवायचे. उघडायचे आणि हलकेच सोडायचे. ठप्प. "आवाज आयकला? हे दार आपटा लागत नाही. सोडलं का आपल्या जागी बसते." मी विचारलं, आत बसू का? तुम्ही म्हणालात, "साहेबाची सीट हाय गा." आणि मागची? "तेही साहेबाचीच." मग पुढची ड्रायव्हरची तर तुमची होती ना? त्यावर तुम्ही पिवळा फडका घेऊन काच पुसायला लागलात.

जर्मन कंपन्यांची धुराच्या तपासणीतली बनवाबनवी बातम्यांत आली, तेव्हाही तुम्ही टीव्हीकडे बघून म्हणालात, "ते दुसरं मॉडेल असन." आम्ही हसलो. तुम्ही हसला नाहीत. साहेबांच्या घरातलं कोणी त्या कंपनीची बाजू घेत नव्हतं, ते सरळ म्हणत होते की सगळे असंच करतात. बाजू घेणारे तुम्ही एकटे होता. ती कंपनी तुमची कोण लागत होती?

असो. भिंतीवर येतो.

मॅनेजरनं मजकूर दिला. पोरगा माझ्याच वयाचा आहे, कडक इस्त्रीचा आणि बोलायला गोड. मी रीतीप्रमाणे तीनदा वाचला. पहिला कारखाना, पहिली गाडी, पहिली शर्यत, बक्षिसं. आणि मग एकदम 'नवी सुरुवात'. मला वाटलं मधलं पान राहिलं. नवी सुरुवात आहे तर आधीचं काहीतरी संपलं असेल ना? आधीच्या ओळींत तर सगळं भरभराटीचं चाललेलं. मी घाबरलो. चुकीचं लागलं तर शकीलभाईंचं नाव जाईल. म्हणून विचारायला गेलो.

"साहेब, मधली काही वर्षं राहिली का?"

"कोणती?"

"शर्यतीनंतरची. नवी सुरुवातच्या आधीची."

तो हसला. "अरे भाऊ, तेव्हा तिकडे लढाई चालू होती ना. ते कोण लावते भिंतीवर? लोकं गाडी पाहायला येतात का धडा वाचायला?"

मी म्हटलं, बरोबर आहे. बाहेर आलो. पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. रिकामी जागा दिसली की माझी बोटं वळवळतात. दुपारी जेवताना फोनवर शोधलं. इंग्रजी मला जेमतेम येतं, म्हणून फोनलाच मराठी करायला लावलं आणि सावकाश वाचलं.

बाबा, त्या वर्षांत त्या कारखान्यात माणसं पकडून आणून कामाला लावली होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं जिंकलेल्या देशांतली माणसं, छावण्यांमधले कैदी. कारखान्याच्या शेजारी काटेरी तारा. अंगावरच्या कपड्यांवर कापडाची खूण शिवलेली, म्हणजे हा कोण आणि कुणाच्या पोटी जन्मला ते लांबूनच कळावं. जो ज्या पायरीवर जन्मला त्याला त्या पायरीचं खाणं. सगळ्यात खालच्या पायरीवरच्याला जगवायचं की नाही, हेही वरचेच ठरवणार. आणि हे कोणी शत्रूनं उठवलेलं नाही. कंपनीनंच पुढे इतिहासकार बसवून हे शोधून काढलं आणि मान्य केलं. सगळं उघड्यावर पडलं आहे. फक्त भिंतीवर नाही.

हे वाचताना मला ती परदेशातली गोष्ट वाटलीच नाही. पायऱ्यांचं आपल्याला कोणी वेगळं शिकवायला पाहिजे का? आजोबांनी धम्मदीक्षा घेतली ती कशासाठी? जन्मावरून माणसाची किंमत करणाऱ्यापुढे मान वाकवायची नाही, हे मला तुम्हीच शिकवलं. मंदिरात जाणाऱ्या मित्रांना तुम्ही प्रेमानं छेडायचे. गळ्यात कधी गंडा घातला नाही, हातात दोरा नाही. आणि रोज सकाळी त्या गाडीच्या बॉनेटवरून, त्या चकचकीत बिल्ल्यावरून ज्या पद्धतीनं हात फिरवायचे, ती पूजा नव्हती तर काय होतं?

तरी तेव्हा मी तुम्हाला माफ केलं होतं. म्हटलं, बाबांना काय माहीत असणार. फोन नाही, इंग्रजी नाही.

मग मॅनेजरचा फोन आला. भिंतीच्या शेवटी 'विश्वासाचा वारसा' म्हणून एक चौकट करायची ठरली होती. नागपुरातला कोणीतरी जुना माणूस त्यात पाहिजे होता. साहेबांच्या मुलानं, छोट्या साहेबांनी, तुमचं नाव सुचवलं. यशवंत ड्रायव्हर, आयुष्यभर एकाच कंपनीची गाडी, एक ओरखडा नाही. फोटोही त्यांनीच सांगितला, पांढरा युनिफॉर्म, डोक्यावर टोपी, हात बॉनेटवर. आईनं तो पेटीतून काढून पदरानं पुसला. शेजारच्या दोन घरांत जाऊन सांगून आली.

मला काय करावं समजेना. म्हणून रामदासकाकांकडे गेलो. साहेबांच्या शेजारच्या बंगल्यावर ते तुमच्याइतकीच वर्षं ड्रायव्हर होते, तुमचं मन त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. हुडकेश्वरला आपल्या मागच्याच गल्लीत राहतात आता. मी त्यांना कारखान्याचं सगळं सांगितलं. म्हटलं, काका, बाबांना हे कळलं असतं तर त्यांनी काय केलं असतं?

काका सुपारी कातरत होते. कातरता कातरता म्हणाले, "तुह्या बापाले माहीत होतं गा."

"काय?"

"मौद्याच्या वीज कारखान्यात तो जर्मन इंजिनियर आला होता, आठवते का? म्हातारा. तुह्या साहेबानं यशवंताले गाडी घेऊन त्याच्याकडे देल्लं होतं. रोज मौद्याले ने अन् आण. त्या म्हाताऱ्यानं सांगतलं त्याले. अर्धं इंग्रजीत, अर्धं हातवारे करून. त्याची माय म्हणे त्या कारखान्याच्या गावची. लहान होती तवा तारेतून पाव फेके त्या कैद्यायले."

"मग बाबा काय म्हणाले?"

"मले चहाच्या टपरीवर सांगतलं त्यानं. दोन दिवस गाडी पुसली नाही. साहेबानं विचारलं, यशवंत, गाडी मळकी काहून दिसून राहिली? तवा पुसली. मी म्हणलं, काहून बे, उतरला का जर्मनचा ताप? तं म्हणे, रामदास, गाडी त्या कैद्यायनं बनवली, मालकानं कुठं बनवली. मी त्यायच्यासाठी पुसतो."

काकांचे डोळे भरले. माझे नाही भरले.

वाक्य चांगलं आहे बाबा. टपरीवर ऐकणाऱ्याला पटेल असंच आहे. पण तुमची गाडी त्या कैद्यांनी बनवलेली नव्हती. ती लढाईनंतर कितीतरी वर्षांनी, पगार घेणाऱ्या, सुट्टी घेणाऱ्या कामगारांनी बनवली. हे तुम्हाला माहीत नव्हतं, असं मला सांगू नका. त्या गाडीचा जन्म तुम्हाला माझ्या जन्मापेक्षा जास्त पाठ होता. ते वाक्य तुम्ही स्वतःला समजावायला तयार केलं, म्हणजे फडका खाली ठेवायला नको. खरं की नाही?

आणि ते काकांना सांगितलं. मला का नाही? मौद्याहून परत आल्यावरही तुम्ही मला नट आणि शर्यतीच सांगत राहिलात. ज्या घरात दीक्षेची गोष्ट वर्षातून दहा वेळा निघते, त्या घरात ही एक गोष्ट काढायला तुम्हाला जागा मिळाली नाही?

आता ते दुसरं लिहितो. हे मी कधीच कोणाशी बोललो नाही.

दसऱ्याला आपलं सगळं घर दीक्षाभूमीवर. फक्त तुम्ही नाही. कारण दसऱ्याला साहेबांकडे गाडीची पूजा. तुम्ही पहाटे जाऊन गाडी धुवायची, झेंडूचा हार बांधायचा, त्यांनी कुंकू लावायचं, आणि मग दिवसभर त्यांना सोनं द्यायला घरोघरी फिरवायचं. मी रडलो की आई म्हणायची, "येतीन ना वं ते, मंग येतीन." मुलीला म्हणतात तसं मला वं म्हणायची, लाडात. तुम्ही कधीच आला नाहीत. विचारलं की म्हणायचे, "जर्मन गाडी दुसऱ्याच्या हाती देता येत नाही."

एका दसऱ्याला तुम्ही आलात. मी आईचं बोट धरून पुस्तकांच्या स्टॉलकडून येत होतो. रस्ता माणसांनी भरलेला, सगळे पांढऱ्या कपड्यांत, बाहेरगावच्या बाया डोक्यावर गाठोडी घेऊन चाललेल्या. आणि त्या गर्दीत एक गाडी अडकलेली. पुढे झेंडूचा हार. काचा वर. आत तुम्ही. तुमचेही कपडे पांढरे. मी ओरडणार होतो, बाबा आले म्हणून. तेवढ्यात मागून साहेबांनी काहीतरी म्हटलं आणि तुम्ही हॉर्न दाबला.

तुम्ही सांगायचे, हा हॉर्न ओरडत नाही, नुसता सांगतो. त्या दिवशी तो ओरडला. एका म्हातारीचं गाठोडं दचकून खाली पडलं. तिच्या भाकरी रस्त्यावर. तुम्ही पुन्हा दाबला. मग तुम्हाला मी दिसलो. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मान सरळ केलीत, रस्त्याकडे. मी कोणी अनोळखी पोरगा असल्यासारखी.

आई म्हणाली, "कामावर हायेत ते. चाल."

पंचशील घेऊन परतणाऱ्या आपल्याच माणसांवर तुम्ही त्या गाडीचा हॉर्न वाजवला. संध्याकाळी घरी येऊन जेवलात. आईनं वाढलं. तिघांपैकी एकानंही तो विषय काढला नाही. पुढच्या दसऱ्यालाही नाही.

आणि आता त्याच युनिफॉर्ममधला, त्याच बॉनेटवर हात ठेवलेला तुमचा फोटो मी लावायचा? अशा भिंतीवर, जिथे तारांमागच्या माणसांना एक ओळ दिलेली नाही? खाली लिहायचं 'विश्वासाचा वारसा'? म्हणजे भिंतीवरून ज्यांना काढून टाकलं त्यांच्या रिकाम्या जागेला तुम्ही साक्षीदार. बघा, हा नागपूरचा यशवंत, याचाही आमच्यावर विश्वास आहे.

मॅनेजरला मी म्हटलं, मधल्या वर्षांची एक ओळ लावा, मग फोटो घ्या. कंपनीनं स्वतः मान्य केलेलीच ओळ, माझी नको. मी फुकट कापून देतो.

तो वाईट नाही. खरंच विचारात पडला. मग म्हणाला, "भाऊ, तुझं पटते मले. पण वरून मंजूर नाही होणार. तू फोटोचं पाहा ना. बाप आहे तुझा."

"म्हणूनच नाही देत," मी म्हटलं.  घामानं हातातली मोजपट्टी निसटली. तुम्हाला वाटेल मी तिथे छाती काढून उभा होतो, तर तसं काही नव्हतं.

भिंत आज सकाळी शकीलभाईंनी स्वतः जाऊन लावली. शर्यत, बक्षिसं, नवी सुरुवात. तुमच्या चौकटीच्या जागी आता कॉफीचं मशीन ठेवणार आहेत.

कालच छोट्या साहेबांचाही फोन आला. "सुमेध, हा मान होता रे तुझ्या वडिलांचा. असा नाकारतात का?"

मी पहिल्यांदा त्यांना प्रश्न विचारला. "साहेब, बाबांना दसऱ्याची सुट्टी का नाही दिली कधी?"

 ते म्हणाले, "त्यांनी कधी मागितलीच नाही."

बाबा, हे खरं आहे का?

खोटं असेल तर मी त्यांना शिव्या देऊन मोकळा होतो. पण खरं असेल तर? त्या घरात कोणाला आठवलं नाही की यांचाही आज दिवस आहे, हा त्यांचा गुन्हा, तो मी सोडत नाही. पण तुम्ही एकदाही तोंड उघडून म्हणाला नाहीत, की साहेब, उद्या मी येणार नाही? जर्मन गाडी दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, हे तुम्हाला साहेबांनी सांगितलं होतं की तुम्हीच तयार केलं होतं, त्या दुसऱ्या वाक्यासारखं? कारखान्यातल्या त्या माणसांना नाही म्हणायची सोय नव्हती. भोवती तारा होत्या, बंदुका होत्या. तुमच्या भोवती काय होतं?

हा प्रश्न मी रागानं लिहिला, आणि मग तो मलाही विचारावा लागला. कारण दसरा हा आमच्या दुकानाचाही सगळ्यात मोठा दिवस. नव्या गाड्या सगळ्या त्याच दिवशी निघतात. नंबर, नावं, शुभ लाभ. शकीलभाईंकडे लागल्यापासून मीही प्रत्येक दसरा दुकानातच काढतो आणि आई एकटी जाते.

आज दुपारी ते भिंत लावून आले तेव्हा मी सांगून टाकलं. "शकीलभाई, यंदा दसऱ्याला मी येणार नाही."

"दसरे को? दिमाग फिर गया क्या? पूरे साल का धंधा उसी दिन रहता."

"माहीत आहे."

"तो इतने साल क्यों नहीं बोला बे? मैं समझा तुम लोग शाम को जाते. दोपहर तक तो आ जा."

"नाही. पूर्ण दिवस."

"देखता हूँ," म्हणाले आणि कात्रीला धार लावत बसले. मी म्हटलं, बघा, पण मी येणार नाही.  मला वाटलं होतं आभाळ कोसळेल. त्यांनी पोराला चहा सांगितला आणि माझाही सांगितला.

माझा राग गेलेला नाही बाबा. इतक्यात जाईल असं वाटतही नाही. तुम्हाला दार सोडल्यावर होणारा तो ठप्प आवाज इतका आवडायचा, ते मला समजतं. आयुष्यात एखादी गोष्ट तरी नीट बनलेली असावी, तिला हात लावता यावा, असं कोणाला वाटत नाही? मी तेवढं तुमच्याकडून घेतलं आहे आणि ठेवणार आहे. बाकीचं नाही.

आईला मी अजून कारण सांगितलेलं नाही. फोटो देणार नाही एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "काहून? बाप काचेच्या शोरूममधी दिसला तं तुले लाज वाटते का?" त्यावरही मी गप्प. काकांशी बोललो, मॅनेजरशी बोललो, छोट्या साहेबांशी बोललो, आणि घरी तोंड शिवलेलं. ही रीत मी कुठून उचलली ते तुम्हाला सांगायला नको.

ती आत्ता स्वयंपाकघरात आहे, भांडी जरा जोरातच लावते आहे. मी तुम्हाला शब्द देतो. हे पत्र मिटलं की आत जाऊन तिच्यासमोर बसेन आणि सगळं सांगेन. कारखान्याचं, मौद्याच्या म्हाताऱ्याचं, टपरीवरच्या तुमच्या वाक्याचं. आणि मग त्या दसऱ्याचं. त्या दिवशी माझं बोट धरून तीही तिथेच उभी होती. तिला काय वाटलं, हे तिला आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही. मी विचारेन.

जय भीम.

तुमचा,
सुमेध